पँगाँगवरचं पहिलं पाऊल

थंडी आल्याचं आमच्या घरात सगळ्यांत आधी माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना कळतं. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडते, गार वाऱ्याची एक झुळूक आत येते, आणि ही दोन बोटं पांढरीफटक पडतात. मग मुंग्या. मग थोडा वेळ ती माझी नसल्यासारखीच होतात. मी ती काखेत दाबून ओट्याशी उभी राहते आणि चहाचं आधण उकळायची वाट बघते. अवी पेपर वाचत असतो. त्याला दिसतं, पण तो विचारत नाही.

नगरची थंडी तशी कोरडी आणि फटकळ. पाथर्डीच्या रस्त्याला शाळू हिरवागार डोलत असतो, हुरड्याच्या पाट्या लागलेल्या असतात, सावेडीच्या चौकात पेरूंच्या गाड्या उभ्या राहतात आणि शाळेत पहिल्या तासाला मुलं हात चोळत बसलेली असतात. मला हा ऋतू फार आवडायचा. अजूनही आवडतो, असं म्हणायला मी तयार आहे. पण आता थंडी आली की तिच्या मागोमाग तो दुसरा हिवाळा येतो, आणि त्याच्या मागून तिसरा, आणि मला पेरू खाता खाता मध्येच थांबावं लागतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. पाणी गोठताना फुगतं, हलकं होतं, म्हणून बर्फ वर तरंगतो आणि तलाव वरून खाली गोठत जातो, हे मी इतक्या वर्गांना शिकवलंय की झोपेतही सांगेन. दर वर्षी कुणीतरी एक जण विचारायचाच, "बाई, तुम्ही पाह्यलाय का गोठलेला तलाव?"

"नाही रे. पण जाणार आहे."

हे "जाणार आहे" अवीचं आणि माझं दोघांचं होतं. कॉलेजच्या दिवसांत आम्ही डोंगर चढता चढता एकमेकांना सापडलो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, आमच्याच जिल्ह्यातले हे सगळे. लग्न झाल्यावर पहिल्या थंडीत आम्ही पुन्हा कळसूबाईला गेलो होतो. वर इतका बोचरा वारा होता की बोलताना दात वाजत होते. तेव्हा अवी म्हणाला होता, "एक दिवस आपण पँगाँगवर चालायचं. अख्खा तलाव गोठलेला, आणि आपण दोघं त्याच्यावरून." मी म्हटलं, "जायचं तर दोघांनी. एकट्यानं कुणी जायचं नाही." त्यानं मान हलवली. पंचविशीतली ती बोलणी. पण काही बोलणी माणसं हसण्यावारी नेत नाहीत, आणि हे बोलणं आम्ही नेलं नव्हतं. नोकऱ्या लागल्या, त्याची बँक, माझी शाळा, मुलीचं शिक्षण, तरी दर हिवाळ्यात हा विषय निघायचाच. लडाखचा नकाशा मी वर्गात लावायचे तेव्हा त्या लांबट निळ्या रेघेवर माझं बोट जरा जास्त वेळ रेंगाळायचं.

माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, याची फार गंमत वाटायची. त्या तिसगावच्या. जन्म शेतात गेलेला. मला त्या "मेदा" म्हणायच्या, मेधातला ध त्यांच्या तोंडात कधी बसला नाही. पहिल्यांदा मी त्यांना सांगितलं की आम्हाला तलावावरून चालत जायचंय, तेव्हा त्या खळखळून हसल्या होत्या.

"त्येच्यात काय लई मोटं? आमच्या तळ्यातनं बी लोक चालतच जात्यात की. चैत्र लागू दे, पार मधनं बैलगाडी जाती."

खरंच होतं ते. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत तलाव चालत ओलांडायचा म्हणजे पाणी आटलेलं असायचं. भेगाळलेला गाळ, त्यात रुतून वाळलेले शिंपले, म्हशींच्या खुरांचे ठसे. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, हा भरलेला असतो. खाली पाणीच पाणी, आणि वर आपण." मग त्या म्हणाल्या, "भरलेल्या तळ्यावरनं चालायचं म्हंजी देवाचंच काम हाय ते. जा बाय. पर जपून."

आणि ज्या हिवाळ्यात आम्ही जाणार होतो, सगळं ठरलं होतं, तेव्हाच आत्याबाई मोरीत पडल्या.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. तिसगावहून त्यांना आमच्याकडे आणलं होतं. हॉलमधला दिवाण त्यांचा झाला. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. अवी सोफ्यावर डोकं धरून बसला होता, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "तलाव कुठं पळून जातोय का? पुढच्या वर्षी जाऊ. दोघंही." त्यानं आमच्या दोघांच्या जागा रद्द केल्याचं मला सांगितलं. मी बॅगेत भरलेले लोकरीचे मोजे काढून आत्याबाईंच्या पायांत घातले.

आजाऱ्याची सेवा म्हणजे बहुतेक वेळ कंटाळा असतो, त्याबद्दल कुणी सांगत नाही. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, भाकरी दुधात कुस्करायची, ती अर्धी उलटायची. आत्याबाईंना लाज वाटायची. मी त्यांचं अंग पुसताना मुद्दाम काहीबाही बोलत राहायचे, शाळेतल्या गमती, पेरूचा भाव, कुणाचं लग्न. आमचं मेतकूट तेव्हा जसं जमलं तसं त्याआधीच्या वीस वर्षांत जमलं नव्हतं.

पौषात अवीला बँकेचं ट्रेनिंग निघालं. हैदराबादला. "टाळता येत नाही गं, प्रमोशनचं आहे," तो म्हणाला. "तिथे मोबाईल जमा करून घेतात, मी जमेल तेव्हा फोन करीन." मी त्याची बॅग भरून देते म्हटलं, तर तो म्हणाला, "नको, तू आईकडे बघ." मला ते समजूतदारपणाचं वाटलं होतं.

एकदा संध्याकाळी त्याचा फोन आला. बोलताना त्याला धाप लागत होती.

"काय रे, आवाज असा का येतोय?"

"जिना चढून आलो. लिफ्ट बंद आहे."

"जपून चढ," मी म्हणाले. "आता पन्नाशीकडे चाललोय आपण."

तो परत आला तेव्हा वाळला होता. तिथलं जेवण मानवलं नाही म्हणाला. नाकाची सालपटं निघत होती, ओठ फुटले होते. हैदराबादचं ऊन फार, रोज कुठे कुठे फिरवत होते, असं काहीतरी त्यानं सांगितलं. मी कुंडीतली कोरफड कापून त्याच्या नाकावर लावली. ओठांना लोणी लावलं. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी, ठेचा, असं पुढचे आठ-पंधरा दिवस करून करून त्याला खाऊ घातलं. आत्याबाई दिवाणावरून बघत असायच्या. मधूनच डोळे मिटून घ्यायच्या.

फाल्गुनात त्या गेल्या. जायच्या आधी काही दिवस, मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"माज्यापायी तुजं ऱ्हायलं गं, मेदा."

"काही राहिलं नाही आत्याबाई. तलाव आहे तिथेच आहे. आमचं होईल सावकाश."

त्यांनी मान हलवली. "तुजं ऱ्हायलं," त्या पुन्हा म्हणाल्या. बोलणाऱ्यानं कोणता शब्द निवडलाय याकडे अशा वेळी कोण लक्ष देतं? मी वेणी घालत राहिले.

त्यानंतर एक हिवाळा तसाच गेला. पुढच्या वर्षी मीच विषय काढला. अवी टाळाटाळ करायला लागला. आधी म्हणाला, गुडघे. मग म्हणाला, पँगाँगला आता फार गर्दी असते, आपण दुसरा एखादा तलाव बघू, स्पितीत जाऊ. मी म्हटलं, "गर्दी असू दे. आपण पँगाँग म्हटलं होतं." तो म्हणाला, "मग मे महिन्यात जाऊ ना, निळं पाणी दिसेल." मला हसूच आलं. "अरे, पाणी बघायला मुळा धरण आहे की." अखेर तो तयार झाला. आम्ही दर रविवारी मांजरसुंब्याचा गड चढायला लागलो, पाठीवर वजन घेऊन. शाळेत मुलांना मी सांगितलं, "या वर्षी नक्की." वर्गानं टाळ्या वाजवल्या.

लेहमध्ये उतरल्यावर पहिले दिवस नुसते श्वास मोजण्यात जातात. जुन्या राजवाड्याखालच्या गल्लीतून चार पावलं टाकली तरी छाती भरून येते. भिंतींवर ऊन असतं आणि सावलीत हाड फोडणारी थंडी. मला ते गाव फार आवडलं. इथून एकेकाळी तांडे निघायचे, यारकंदला, तिबेटात, पश्मिना, चहा, मीठ घेऊन. मी इतिहासाच्या पुस्तकातलं सगळं अवीला ऐकवत होते आणि तो मान डोलवत होता. मग चांग-ला ही उंच खिंड. दुतर्फा बर्फाच्या भिंती, प्रार्थनेच्या पताका वाऱ्यानं फाटलेल्या. आमच्याबरोबर तुंडुप होता, तिशीतला, कमी बोलणारा, मान गावाचा आमचा वाटाड्या. मान आणि मेरक ही तलावाच्या काठाची दोन गावं. मानहून बर्फावरून चालत मेरकला जायचं, तिथं एका घरात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन यायचं, असा बेत होता.

पहिलं पाऊल मी कसं सांगू? काठाशी बर्फ पांढरा, भुसभुशीत होता. चार-सहा पावलांनंतर तो काळसर निळा झाला, काचेसारखा, आणि त्याच्या आत खोलवर पांढरे बुडबुडे एकावर एक थिजलेले होते, नाण्यांच्या चळतींसारखे. बुटांखाली लावलेले काटे कचकच वाजत होते. आणि मग खालून आवाज आला. लांबून कुणीतरी प्रचंड मोठी तार छेडावी तसा, या काठापासून त्या काठापर्यंत धावत गेलेला. माझ्या पायांतून तो गेला. मी अवीचा दंड घट्ट धरला.

"ऐकलंस?"

"बाप रे!" अवी म्हणाला. त्याचे डोळे मोठे झाले होते. "मेधा, हे असं असेल असं वाटलंच नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा असा आवाज ऐकतोय." त्यानं गुडघे टेकले, हातमोजा काढून बर्फावर तळवा ठेवला, वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आलो बघ आपण. दोघं."

मी रडले. थंडीनं ते पाणी पापण्यांवरच कडक झालं आणि त्यानं बोटानं हलकेच ते खुडून काढलं. त्या क्षणी माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं, हे मी आजही खोटं म्हणू शकत नाही.

वाटेत एक-दोनदा तो म्हणाला, "ह्या वळणानंतर वारा लागेल, टोपी ओढून घे." आणि वारा लागायचा. एके ठिकाणी बर्फ दुभंगून वर आला होता, तिथं तुंडुप काही सांगायच्या आतच अवी डावीकडून वळला. मला वाटलं, किती वाचून आलाय हा. कौतुकच वाटलं. तुंडुपला मी म्हटलंसुद्धा, "हमारे साहब ने बहुत पढ़ाई की है." तुंडुप हसला.

मेरकला पोचलो तेव्हा दुपार उतरायला लागली होती. सपाट छपरांची थोडीशी घरं, छपरांवर जनावरांसाठी रचलेला वाळका चारा, आणि मागे उघडे तपकिरी डोंगर. आम्ही जिथं उतरलो त्या घरातल्या बाईंना सगळे आमाले म्हणत, म्हणजे आई. स्वयंपाकाच्या खोलीत मध्यभागी लोखंडी चूल धगधगत होती, तिच्यात शेण्या जळत होत्या आणि तो वास मला थेट तिसगावला घेऊन गेला. आम्ही भिंतीशी गालिच्यांवर बसलो. अवीनं टोपी काढली नव्हती, गळपट्टाही नाकापर्यंत होता. मला वाटलं, थंडी वाजतेय. मीच म्हटलं, "अरे काढ आता, इथे ऊब आहे." आणि हात पुढे करून मीच त्याचा गळपट्टा सोडवला.

आमाले थुक्पा, शेवयांचं गरम कढण, वाढत होत्या. त्यांनी अवीकडे पाहिलं आणि पळी पातेल्यात ठेवली.

"अरे, आप? बीमारवाला?"

"नहीं, आमाले," अवी हसत म्हणाला. "कोई और होगा."

"मैं भूलेगा?" त्यांना उलट मजाच वाटली. त्या वाकून पुढे आल्या, आणि ताप बघावा तसा त्याच्या कपाळाला हात लावला. "इधर ही सुलाया था. सर दुखता था, उल्टी करता था. आई, आई, बोलके रोता था. मैं पूछा, आई क्या होता है? तुम बोला, आमा."

माझ्या हातात वाडगा होता. त्यातली वाफ माझ्या चष्म्यावर धरत होती. लडाखच्या टोकाच्या खेड्यातल्या त्या बाईनं "आई" हा शब्द उच्चारला होता, नीट, आपल्यासारखा.

"तुम्हारा आई बीमार था ना?" आमालेंनी विचारलं. "अब ठीक है?"

अवीची नजर चुलीवर खिळली होती.

"वो नहीं रहीं," मी सांगितलं. "उसी साल गईं."

आमाले चुकचुकल्या, ओठातल्या ओठात काहीतरी मंत्र पुटपुटल्या आणि पदराच्या टोकानं डोळे टिपावेत तसे त्यांनी ते बाहीनं टिपले. मग त्यांनी आम्हा दोघांनाही खारा लोण्याचा चहा ओतला. माझा पेला त्यांनी जास्त भरला. त्यांना काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही.

मी थुक्पा संपवला. का संपवला, सांगता येणार नाही. अन्न टाकायचं नाही असं असेल. मग उठून बाहेर गेले. घरामागे शेण्यांची रास होती, तिच्या आडोशाला वारा लागत नव्हता. अवी मागोमाग आला.

"हैदराबाद?" मी विचारलं.

"मेधा, ऐक."

"ट्रेनिंग होतं?"

"नाही. सुट्टी घेतली होती. माझी जागा मी रद्दच केली नव्हती. फक्त तुझी केली." तो घोगऱ्या आवाजात बोलत होता. "घरात श्वास कोंडत होता. आईला तसं बघवत नव्हतं. तू सगळं इतकं नीट करत होतीस की मला तिथे काही कामच नव्हतं."

"मग मला सांगायचंस. मी पाठवलं असतं. बॅग भरून दिली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला. "तू पाठवलं असतंस, आणि मग मला जाता आलं नसतं."

मी त्याच्या नाकाकडे बघत होते. कोरफड लावलेल्या त्या नाकाकडे.

"आणि आज सकाळी?" मी म्हटलं. "तो आवाज? पहिल्यांदा ऐकतोय म्हणालास."

"तुला वाईट वाटू नये म्हणून. तुझा पहिला दिवस होता, तो बिघडू नये म्हणून."

"गुडघे टेकलेस तू, अवी."

तलावाकडून पुन्हा तो आवाज आला, लांबवर विरत गेला. मग तो एकदम म्हणाला, बहुधा स्वतःच्या बचावाला अखेरचं काहीतरी सापडावं म्हणून, "आईला माहीत होतं. तिला मी सांगितलं होतं. तीच म्हणाली, तू जा. ती हाय ना."

ती हाय ना.

अगदी त्यांच्याच हेलात म्हणाला तो. मला आत्याबाई दिसल्या, दिवाणावर, माझे मोजे पायांत घातलेल्या, लेकाला हलक्या आवाजात हे सांगताना. मी तेव्हा आत असणार, भाकरी थापत, किंवा त्यांचं धुणं भिजवत. आणि मग मला ते मनगट धरणं आठवलं. तुजं ऱ्हायलं. तुमचं नाही म्हणाल्या. तुजं. त्यांनी मला सांगायचा प्रयत्न केला होता, त्यांच्या परीनं, लेकाला उघडं न पाडता. मी मात्र त्यांच्या वेणीला पेड घालत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुंडुपला म्हटलं, "मैं अकेली चलूँगी आपके साथ. साहब आराम करेंगे." अवीनं बूट घालायला घेतले होते. तो तसाच थांबला, एक बूट हातात धरून. मी थांबले नाही.

काठापासून पुष्कळ आत जाईपर्यंत तुंडुप पुढे बर्फ पारखत चालला. आकाश इतकं निळं होतं की वर बघवत नव्हतं. मधोमध पोचल्यावर त्यानं समोरच्या काठाकडे हात केला आणि सांगितलं की त्याचे आजोबा हिवाळ्यात असंच बर्फावरून मेंढ्या घेऊन जायचे, प्रत्येक मेंढीच्या पाठीवर मिठाच्या दोन छोट्या पिशव्या. मीठ देऊन सातू आणायचे. बर्फावर मेंढ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून पुढे माती टाकत जायचे. "औरतें भी जाती थीं?" मी विचारलं. "जाती थीं," तो म्हणाला. "मेरी दादी गई थी. दादाजी घर पर थे, पैर टूटा था." एवढं सांगून तो मोठ्यानं हसला, आणि मलाही हसू आलं.

मग मी बर्फावर आडवी झाले. टोपी वर सारून कान टेकवला. हातमोजा कधी निघाला ते कळलंच नाही. खाली काहीतरी गडगडत होतं, कुरकुरत होतं, मधूनच बारीक किणकिणत होतं. माझं भूगोलाचं पुस्तक सांगतं की ते ताणामुळे होतं, उन्हानं बर्फ पसरतो, थंडीनं आकसतो. सगळं खरं. पण मी तिथे किती वेळ पडून होते आणि मला किती आनंद होत होता, ते पुस्तकात बसणार नाही. मला खरंच आनंद होत होता. आणि त्या आनंदाचा रागही येत होता, कारण तो कुणाला तरी लगेच सांगावा असा होता, आणि ज्याला सांगायचा त्याला तो आधीच ठाऊक होता. त्यानं तो एकट्यानं घेतला होता, घरी आणला होता आणि माझ्यापासून लपवून ठेवला होता, मी त्याच्या फुटल्या ओठांना लोणी लावत असताना.

"मॅडम, हाथ," तुंडुप म्हणाला. मी उठून पाहिलं, तर दोन बोटं मेणासारखी झाली होती. त्यानं ती स्वतःच्या जाकिटाच्या आत दाबून धरली आणि आम्ही तसेच, एखाद्या विचित्र वरातीसारखे, थोडं अंतर चाललो. काठावर अवी उभा होता. एवढासा दिसत होता, काळा ठिपका. तो बर्फावर उतरला नाही, मी येईपर्यंत तिथेच उभा राहिला. निघताना आमालेंनी माझ्या गळ्यात पांढरी खाता, निरोपाचं रेशमी वस्त्र, घातली. अवीच्याही घातली.

घरी आल्यावर लोक विचारतच होते. शाळेत मी मुलांना फोटो दाखवले, बुडबुड्यांचे, दुभंगलेल्या बर्फाचे. "बाई, सर पण आले होते?" "हो," मी म्हटलं. एवढंच. आमचं भांडण झालं नाही, झालं असतं तर बरं झालं असतं. अवीनं माफी मागितली, एकदा नाही, पुष्कळदा. त्यानं लेकीला पुण्याला फोन करून स्वतः सगळं सांगितलं, मी सांगायला लावलं नव्हतं. ती मला म्हणाली, "आई, बाबा चुकलेच. पण दुसरी कुणी बाई असती तर?" मी म्हटलं, "अगं, तर मला निदान रागावायला सोपं गेलं असतं." तिला वाटलं असेल, एवढंसं तर आहे. कुणी मेलं नाही, कुणी फसलं नाही. एक माणूस आठ-दहा दिवस डोंगरात जाऊन आला.

आत्याबाईंवर रागवणं जास्त अवघड. त्यांना विचारता येत नाही. पितृपक्षात त्यांच्या पानासाठी दर वर्षी मी गवारीची भाजी, अळूवडी, खीर, सगळं त्यांच्या आवडीचं करायचे. त्या वर्षी मी अवीला म्हटलं, "तुझी आई. तू कर." त्यानं केलं. खीर लागली, अळूवडी सुटली. मी शेजारी उभी राहून सांगत गेले, आता गूळ घाल, आता आच कमी कर. पान गच्चीवर ठेवलं आणि कावळा आला तो लगेच. अवी माझ्याकडे बघून ओशाळं हसला. मी त्या पानाकडे बघत मनात म्हटलं, आत्याबाई, तुम्ही म्हणालात ती हाय ना. होते मी. पण मला विचारायचं तरी होतं.

त्यांच्यावर माझी माया होती, आहे. तीच तर अडचण आहे. परका माणूस फसवतो तेव्हा आपण त्याला दाराबाहेर काढतो. ह्या दोघांना कुठं काढू? एक माझ्या हातांवर गेली, दुसरा समोर बसून पेपर वाचतो, भाजी निवडून देतो, माझ्या औषधाच्या वेळा लक्षात ठेवतो. चांगला आहे तो. पूर्वीपेक्षाही चांगला वागतो. मीही वागते. आम्ही बाहेरून पाहणाऱ्याला अगदी पूर्वीसारखे दिसत असणार.

फरक फक्त एका ठिकाणी पडलाय, आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता. गेल्या रविवारी पहाटे आम्ही चांदबिबीच्या महालावर गेलो होतो. थंडीत नगरची निम्मी माणसं तिथं फिरायला येतात. आम्ही त्या दगडी इमारतीच्या सज्जात उभे होतो. खाली धुकं होतं, शहर दिसत नव्हतं, पूर्वेला पाथर्डीच्या बाजूचे डोंगर नुसते उमटायला लागले होते. मग एकदम कडेला केशरी रेघ उजळली आणि शेजारी अवीचा श्वास थांबल्यासारखा झाला.

"मेधा," तो म्हणाला, "बघ! काय सुंदर. असा सूर्य कधी पाहिलाच नव्हता."

मी वळले, त्याच्या चेहऱ्याकडे. डोळे मोठे झालेत का, ओठ उघडे राहिलेत का, ते सगळं मी नीट निरखून पाहिलं. नवल खरं होतं का? मला ओळखता आलं नाही. खरंच असेल. बहुतेक खरंच असेल.

मी पूर्वेकडे तोंड केलं तोवर सूर्य डोंगर सोडून पुरता वर आला होता.